सुई न लागलेली ताटली

मुंबई,
९ जुलै १९८६

ती. आत्या,

नमस्कार, खुशाली, पाऊसपाणी सगळं शेवटी. आधी बातमी ऐक. काल मी पेशी चालताना पाहिली!

चालताना म्हणजे खरोखर चालताना. हसू नकोस. सहावीच्या वर्गात तूच फळ्यावर एक गोल काढला होतास, मध्ये ठिपका दिला होतास आणि म्हणाली होतीस, पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी. मुख्याध्यापकबाई, तुमचे पाच मार्क कापले. नुसती पिशवी असती तर काचेवर फतकल मारून बसली असती. तिच्या आत सांगाडा असतो. आपल्या हाडांसारखा कायमचा नाही, लग्नाच्या मांडवासारखा. हवा तेव्हा उभारायचा, हवा तेव्हा सोडायचा. काही तंतू इतके बारीक की विचारू नकोस, ते कडेला दाटीनं असतात, त्यांचं नाव ॲक्टिन. काही पोकळ नळ्या असतात, त्यांच्यावरून आतल्या मालाची ने-आण चालते. आणि काही पीळदार दोरखंड, ताण सोसायला. आमच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करते त्यांनी, परदेशातून एक रंग मागवलाय. तो फक्त ॲक्टिनला चिकटतो. अंधाऱ्या खोलीत त्यावर निळा उजेड टाकला आणि आत्या, अख्खी पेशी हिरव्या रेघांनी उजळली! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं धावत आली. त्यांना वाटलं मी हात भाजून घेतला.

आता चालते कशी ते सांगते. पुढच्या कडेला पेशी नवे तंतू उभारते, त्यानं कड पुढे ढकलली जाते, एक पाऊल निघतं, काचेला चिकटतं. मग आतून ओढ बसते आणि मागची बाजू सुटून पुढे येते. मागे मोडलेल्या तंतूंचे तुकडे वाया जात नाहीत, तेच पुन्हा पुढे लागतात. मांडवाचे मागचे बांबू उपटून पुढे रोवत जावं आणि वऱ्हाडासकट सगळा मांडव झरीहून परभणीच्या वाटेला लागावा, तसं!

माझ्या पेशी तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगातल्या आहेत. काचेच्या ताटलीत त्या एकमेकींना खेटून थर करून बसतात. मी त्या थरातून सुईनं एक सरळ रेघ ओढली, मोकळी वाट पडली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर दोन्ही काठांच्या पेशी पावलं टाकत वाटेत उतरलेल्या! गाठ जागच्या जागी बसली तर डॉक्टर ती काढून टाकतात. माणूस दगावतो तो ती चालायला लागल्यामुळे, गालातून मानेत, मानेतून फुप्फुसात. ती चालते कशी हे कळलं तर अडवायची कशी हेही कधीतरी कळेल, आणि त्या कळण्यात माझा चिमूटभर वाटा असेल. मला दोन दिवस झोप लागलेली नाही.

बाबांना सांगितलंस तर सांग. ऐकणार नाहीत, माहीत आहे. सेलूचं स्थळ मोडून मी इकडे आले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून एक शब्द नाही. मी झरीला आले की ते शेतात जातात आणि मी निघाले की परत येतात. पण तू दर शनिवारी जातेसच, तर खुशाली तेवढी सांग.

तुझी,
हेमा

---

मानवत,
२१ जुलै १९८६

चि. हेमा,

पाच मार्क कापलेस ते मान्य, पण मी फेरतपासणीचा अर्ज करणार आहे. तुला पिशवी शिकवली म्हणून तर तू आत काय आहे ते शोधायला गेलीस.

तुझं पत्र मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं आणि पश्चात्तापाची वेळ आली. पोरी म्हणाल्या, बाई, आपण पेशी करू. मैदानात चाळीस जणींनी गोल धरला. पुढच्या ढकलणाऱ्या, मागच्या सोडून पुढे पळणाऱ्या, मधल्या रिबिनी ताणून धरणाऱ्या. पेशी चांगली चालली. वळायचं कसं ते मात्र तू लिहिलं नव्हतंस, त्यामुळे ती जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळली. चांगुणाबाई आमच्या शिपाई, त्या झाडू घेऊन धावल्या. चौघींचे गुडघे फुटले, पण सांगाडा या जन्मात विसरणार नाहीत.

शनिवारी झरीला गेले. ओसरीवर बसून मुद्दाम मोठ्यानं वाचलं. भाऊ खांबाला टेकून सुंभ वळत होता. ऐकत नव्हता म्हणे! सुईची रेघ आली तशी हाताची हालचाल थांबली. म्हणाला, "ते परत वाच." मी परत वाचलं. मग पुन्हा सुंभ वळायला लागला, जणू काही बोललाच नाही.

आणखी एक. भाऊनं तंबाखूची डबी मुंजाजीला देऊन टाकली. मुंजाजी इतका घाबरला की म्हणाला, "मालक, मला कामावरून काढायलाव का काय?" बाकी ठीक. भाकरी दुधात कुस्करून खातो, दात कुरकुर करतात म्हणतो.

इथल्या एकानं एक प्रश्न विचारला आहे. सुई लागलीच नसती तर त्या पेशी उठल्या असत्या का? सवड काढून उत्तर लिही.

तुझी,
आत्या

---

मुंबई,
२ ऑगस्ट १९८६

ती. आत्या,

बाबांनी तंबाखू सोडली! पत्र हातात घेऊन मी वसतिगृहाच्या जिन्यावर नाचले. ज्या माणसाला आई वीस वर्षं सांगून थकली त्यानं माझ्या एका पत्रावर डबी देऊन टाकली! बोलत नाहीत ना, न बोलोत. ऐकतात! बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझ्या संशोधनाचा पहिला उपयोग झाला. दातांसाठी त्यांना परभणीला दाखव, कवळी बसवून घेऊ दे, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि 'इथल्या एकानं' म्हणजे तुझ्या वर्गातलीच कुणीतरी असणार. तिला माझ्याकडून शाबासकी दे. काय प्रश्न विचारलाय! उत्तर: नसत्या उठल्या. सुई लागण्याआधी त्या किती दिवस तशाच बसून होत्या, मी रोज पाहत होते. सुई फिरली आणि काठावरच्यांनी पाय काढले. हीच तर गंमत आहे. निरोगी पेशी समोरासमोर आल्या की थांबतात, रेघ बुजली की काम संपलं. माझ्या या उनाड बयांना थांबणं ठाऊक नाही, त्या एकमेकींच्या अंगावर चढून पुढे जातात. एकदा उठल्या की उठल्याच!

बाईंनी मला फेब्रुवारीतल्या परिषदेत बोलायला उभं करायचं ठरवलंय. मी, झरीची हेमा, इंग्रजीत, शंभर माणसांपुढे. आत्तापासून आरशापुढे सराव चालू केलाय.

तुझी,
हेमा

---

मानवत,
३० ऑगस्ट १९८६

चि. हेमा,

उत्तराला उशीर झाला. नामांतराच्या मोर्चामुळे चार दिवस एसटी बंद होती, टपाल परभणीलाच पडून होतं. पण त्याआधीही आठवडाभर मला लिहायचा धीर झाला नाही. भाऊनं मला तुझ्या आईच्या फोटोसमोर उभं करून शपथ घातली होती. ती आज मोडते.

'इथल्या एकानं' म्हणजे भाऊ.

त्याच्या डाव्या गालात आतून व्रण आहे. पाडव्याला पांढरा चट्टा होता, त्याचा आता व्रण झाला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, म्हणून भाकरी कुस्करतो. दातांना काही धाड भरलेली नाही. तंबाखू सोडली ती झोंबते म्हणून. तुझा जिन्यावरचा नाच वाचून मी देवघरात जाऊन रडले.

जूनमध्ये मी त्याला परभणीला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू, उशीर करू नका. भाऊ खुर्चीवरून उठला तो थेट स्टँडवर जाऊन उभा राहिला. आपल्याकडे म्हणतातच ना, असल्या ठिकाणी सुरी लागली की ते अंगभर पसरतं. चारठाण्याचे व्यंकटराव ऑपरेशन करून आले आणि महिन्यात गेले, एवढं सगळ्यांना पाठ आहे. ते आधी वर्षभर घरात दडवून बसले होते, हे कुणी सांगत नाही.

तरी मी लावून धरलं होतं. दर शनिवारी तेच दळण. थोडा वळायलाही लागला होता, पोळा झाला की बघू म्हणत होता. तेवढ्यात तुझं पत्र आलं. 'नसत्या उठल्या' हे मी वाचलं, आणि त्यानं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. एकेक अक्षर लावत स्वतः वाचलं. मग म्हणाला, "बघ. पोरगी शिकलेली हाय, तिनं सोता डोळ्यानं बघितलंय. सुई न्हाई लागली तर बसून ऱ्हातंय. लागली की उठून चालायलंय. मंग कशाला हात लावायचा? हाय तसं ऱ्हाऊ द्या."

मी म्हणाले, हेमाला माहीत नव्हतं तू विचारतोयस म्हणून. तर म्हणाला, "म्हणून तर खरं लिवलंय. मालूम असतं तर मला मनवायला लिवली असती."

हेमा, तीन वर्षं तुझं नाव ज्याच्या तोंडी आलं नाही, त्यानं मुंजाजीला बोलावून पत्र दाखवलं आणि म्हणाला, "आमच्या हेमीनं लिवलंय." किती अभिमानानं म्हणाला गं! तो आनंद पाहू की त्या आनंदापायी तो मरायला निघालाय हे पाहू, मला काही सुचेना. पत्र आता त्याच्या बंडीच्या खिशात असतं.

तुला जे करता येईल ते कर. लवकर कर.

आत्या

---

मुंबई,
६ सप्टेंबर १९८६

ती. आत्या,

काल सगळा दिवस रडण्यात गेला. आज नाही रडत.

काल झरीला यायला पिशवी भरली होती. मग वाटलं, मी आले की ते शेतात जाणार. आणि पत्रात काहीही लिहिलं तरी म्हणणार, मनवायला लिहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे आत्या! माझं आधीचं पत्र त्यांनी मानलं, कारण त्यात माझा काही मतलब नव्हता. असा विचार आमच्या प्रयोगशाळेतही सगळे करत नाहीत. राग येतो आणि कौतुकही वाटतं, काय करू?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी न तपासता दिलं. सुई न लागलेली ताटली मी ठेवलीच नव्हती! आधी बसलेल्या दिसल्या, नंतर उठलेल्या दिसल्या, आणि दिलं ठोकून. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी परीक्षकाचा प्रश्न विचारलाय. परिषदेत कुणी हाच विचारला असता तर?" मग कपाटाची किल्ली माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "हवं ते घे."

ताटल्या आज लावल्या. काय दिसेल मला माहीत नाही. जे दिसेल ते लिहीन. त्या खरंच बसून राहिल्या तर तेही लिहीन, आणि मग काय करायचं ते मला आत्ता सुचत नाही. बाबांना एवढंच सांग, तुमचा प्रश्न हेमीनं कामाला लावलाय.

हेमा

---

मुंबई,
१५ सप्टेंबर १९८६

ती. बाबा,

तीन वर्षांत तुम्हांला लिहिलेलं हे पहिलं पत्र. तुम्हांला मनवायला लिहीत नाही. तुम्ही प्रश्न विचारला होता, मी उत्तर चुकीचं दिलं, ते दुरुस्त करते. सोबत पाच फोटो आहेत. मागे नंबर घातलेत, त्याच क्रमानं बघा.

मी लिहिलं होतं, सुई लागली नाही तर त्या बसून राहतात. माझ्या ताटलीत त्या काठोकाठ खच्चून भरलेल्या होत्या. जायला जागाच नव्हती, म्हणून बसल्या होत्या. शरीरात अशी कोंडी नसते. गाठीच्या चारी बाजूंना वाट असते. म्हणून या वेळी मोठ्या ताटलीच्या मधोमध पेशींचा एकच पुंजका ठेवला आणि त्याला कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही. सुई मी त्या खोलीतच नेली नाही.

पहिला फोटो, ठेवला त्या दिवशीचा. गोल, नीट, कडा साफ. दुसरा, तीन दिवसांनंतरचा. कड कुरतडल्यासारखी दिसते ना? त्या कडेच्या पेशी आहेत, पाय काढून निघालेल्या. तिसरा परवाचा. पुंजका ओळखू येत नाही, पेशी ताटलीभर आहेत. त्यांना कुणी डिवचलं नव्हतं बाबा. सांगाडा त्यांच्या आत आहे, तो उभारायला त्यांना सुईची परवानगी लागत नाही.

चौथा फोटो दुसऱ्या ताटलीचा. त्यातला पुंजका मी पहिल्याच दिवशी भोवतालच्या मोकळ्या जागेसकट खरवडून काढला. आता तिथं कोरी काच आहे. मी रोज शोधते, एकही पेशी सापडत नाही.

पाचवा फोटो पाठवू नकोस असं इथं मला सांगत होते, म्हणे घाबरतील. मी पाठवते. ही तिसरी ताटली. यातलाही पुंजका काढला, पण पाच दिवस थांबून, कडेच्या पेशी बाहेर पडल्यावर. मधलं सगळं गेलं. उजव्या कोपऱ्यात बघा, दोन राहिल्यात. त्या माझ्या सुरीच्या आधीच तिथं पोचल्या होत्या.

ताटली म्हणजे माणूस नव्हे. ऑपरेशननं तुम्ही नक्की बरे व्हाल असं मी लिहू शकत नाही. मला जे दिसलं ते एवढंच, की हात लावला नाही म्हणून त्या थांबत नाहीत, आणि काढायच्या तर निघण्याआधी काढाव्यात. आधीचं माझं पत्र खिशात असेल तर ते फाडून टाका. ते चूक होतं.

मला तुम्ही हवे आहात. हे मात्र मी मनवायलाच लिहिलंय.

तुमची,
हेमा

---

मानवत,
२३ सप्टेंबर १९८६

चि. हेमा,

आम्ही निघालो! हे पत्र आमच्या आधी पोचावं म्हणून स्टेशनच्या पेटीत टाकणार आहे.

पाकीट घेऊन मी शनिवारची वाट न बघता आज मंगळवारीच झरी गाठली. भाऊ म्हणाला, "आज शाळा बुडवलीस?" मी पाकीट हातात दिलं. त्यानं फोटो अंगणात उन्हाला नेले. एकेक डोळ्याजवळ धरायचा, लांब धरायचा, पुन्हा जवळ. पहिले तीन खाली ओळीनं मांडले आणि उकिडवा बसून बघत राहिला. चौथा बघून हुंकार दिला. पाचव्याशी आला आणि तिथंच अडकला. दोन पेशी काही केल्या सापडेनात. मुंजाजीला बोलावलं. मुंजाजीनं बोट ठेवलं, "ह्या काय मालक, मुंगीच्या अंड्यावानी."

मी म्हणाले, हा नसता पाठवला तरी चाललं असतं.

भाऊ म्हणाला, "ह्यो लपवला असता तर मी बाकीचे चार मानले नसते. सोताच्या इरोधात लिवलंय पोरीनं." मग बंडीतून जुनं पत्र काढलं. फाडलं नाही. घडी उलगडून त्या 'नसत्या उठल्या'वर माझ्या पेनानं एक आडवी रेघ मारली आणि पत्र परत खिशात ठेवलं.

उठला तो थेट, "मुंजाजी, गाडी जुंप. मला स्टँडला सोड." मुंजाजी म्हणाला, मालक, ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय. "ती तू बघ. मला जरा मुंबईला जायचंय." जरा मुंबईला! जसं काय जिंतूरच्या बाजाराला निघालाय. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

शाळेची रजा घेऊन शुक्रवारी परभणीहून गाडीत बसतो, मनमाडला बदलतो. तू शनिवारी सकाळी स्टेशनवर ये. तो कदाचित बोलणार नाही. तोंड उघडत नाही हे एक कारण आहेच, दुसरं तुला माहीत आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

आत्या

---

मुंबई,
९ ऑक्टोबर १९८६

ती. आत्या,

ऑपरेशन झालं! काल सकाळी आत नेलं, दिवेलागणीला बाहेर आणलं. डाव्या गालाचा आतला भाग आणि जबड्याचा थोडा तुकडा काढला, छातीची कातडी आणून तिथं शिवली. गळ्यात श्वासाची नळी, नाकात दुधाची नळी. तू शाळेसाठी परत गेलीस ते एका अर्थी बरं झालं, चेहरा बघवला नसता. पण आज सकाळी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पाहत राहिले. शेतात जायला वाट नव्हती ना!

स्टेशनवर ते बोलले नाहीत, पण गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली होती, हे तू पाहिलंस की नाही? मला सामान उचलायला दिलं, म्हणजे मी घरची. मी ती पिशवी टॅक्सीतही खाली ठेवली नाही.

आता अडलंय ते मानेवर. मानेतल्या गाठी काढून तपासायला दिल्यात. तिथं काही पोचलं नसेल तर जिंकलो. पोचलं असेल तर लांबचा रस्ता. निकाल यायला आठवडा तरी लागेल. मी रोज तपासणी खात्याच्या दारात उभी राहते, तिथले लोक मला पाहिलं की आता दुसऱ्या दारानं जातात.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सुई न लागलेल्या ताटलीची मी पूर्ण फिल्म पाहिली. पेशी एकेकट्या निघत नाहीत आत्या! हाताला हात धरून रांगेनं निघतात. पुढची पाऊल टाकते, तिचे तंतू ताणले जातात आणि मागच्या ओढल्या जातात. रेघ ओढलेल्या ताटलीत हे मला कधी दिसलं नव्हतं. बाईंनी फिल्म तीनदा लावली. म्हणाल्या, परिषदेत हेच सांग. बाबांनी विचारलं नसतं तर मी ही ताटली कधी ठेवलीच नसती. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नळीमधून कसलासा आवाज केला. हसले असावेत.

तुझी,
हेमा

---

मुंबई, दवाखाना,
२१ आक्टोबर

कावेरे,

मला लिवायची सवय न्हाई. निजामाच्या शाळंत उर्दू शिकलो, मराठी कामापुरती. तवा बोलल्यावानी लिवतो. मास्तरीण हायस म्हणून लाल शाई काढू नको.

मानेतल्या गाठी तपासून आल्या. एकीतबी कायी न्हाई. हेमी कागद घेऊन जिन्यावरून पळत आली, एक चप्पल खालीच ऱ्हायली. तिला बोलता येईना, मला बोलता येत न्हाई. दोघंबी नुसते एकमेकाकडं बघायलतो. मंग डागदर आले. म्हणले, टाइमावर आलात, दिवाळीपातूर थांबले असते तर मानेत उतरलं असतं. दर म्हयन्याला दाखवायला यायचं हाय. येऊ की. मुंजाजीला सांग, मी लवकर येतो, पण पेरणीत मन घाल.

परवा हेमीनं मला चाकाच्या खुर्चीत बसवून तिच्या खोलीत नेलं. त्या दुर्बिणीला डोळा लावला. आदी कायीच दिसंना. मंग दिसलं. कावेरे, हिरव्यागार रेघा! आन दुसऱ्या काचंत जित्या पेशी, पाय काढून जायलेल्या. तू वाचून दाखवलंस तवा मला पटलं व्हतं, पण बघितल्यावर अंगावर काटा आला. मी पाटीवर लिवून विचारलं, ह्या कुणाच्या? हेमी म्हणली, कुणा एका मानसाच्या हायत, त्यो आता न्हाई, नाव मालूम न्हाई. मी हात जोडले. तिच्या बाई उभ्या व्हत्या, त्यांनीबी जोडले.

तीन वर्सं मी तोंड असून बोललो न्हाई. पोरगी आली की मुद्दाम बैल सोडायचो आन शेतात जाऊन बांधावर बसायचो, घरी कायी काम असलं तरी. आन हितं पडल्यावर बोलावं वाटायलं तर गळ्यात नळी. लय बेजार झालो. रातच्याला ती खुर्चीवर डोकं टेकून निजायची, मी बघत पडायचो आन मनातल्या मनात बोलायचो. तिला काय ऐकू जातंय!

काल नळी काढली. डागदर म्हणले, भोकावर बोट ठेवा आन कायतरी बोला, काय बी. हेमी वार्डाच्या त्या टोकाला व्हती, पाठमोरी, एका म्हाताऱ्याला पाणी द्यायलती. मी बोट ठेवलं. 'हे' निघालं. फुडचं निघंना. ओठ मिटल्याबिगर 'मा' म्हणता येत न्हाई, ह्ये मला एवढ्या वयात मालूम नव्हतं. डाव्या अंगाचा ओठ शिवलेला, मिटतच न्हाई. डागदर म्हणले, ऱ्हाऊ द्या, उद्या बघू. मी न्हाई म्हणून मान हलवली. एका हातानं भोक दाबलं, दुसऱ्या हातानं दोनी ओठ चिमटीत धरून मिटवले, आन सोडले.

तिला ऐकू गेलं. तांब्या हातात तसाच धरून मागं वळली. म्हणली, "काय बाबा?" जशी काय काल सांजच्यालाच बोललो व्हतो.

किशनराव